वन्संना कळवायचं की हॉल डोंगरावर पोचला

तीर्थरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द शोभेचा नाही. आठवडाभर कंबर सरळ होत नाहीये, त्यामुळे सध्या मी समोर येईल त्याला वाकूनच नमस्कार करते. इथली मंडळी मला फार विनयशील समजायला लागली आहेत.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? पांढऱ्या गोळीऐवजी गुलाबी गोळी सुरू झाल्यापासून झोप लागते असं मागे म्हणाला होतात, ती अजून लागते ना? इकडे तुमचे बंधू सुखरूप आहेत, दोन्ही वेळ जेवतात आणि मफलर बांधतात. हे मुद्दाम वरच लिहिलं, कारण हे कळल्याशिवाय तुम्ही पुढची ओळ वाचणार नाही, याची मला लग्नापासूनची खात्री आहे.

आता बातमी. वन्सं, आम्ही एक हॉल हलवला. हॉल म्हणजे एका खानावळीचं अख्खं जेवणघर. छप्पर, खिडक्या, दारं, भिंतीवरचं घड्याळ आणि आत बसलेले दोन म्हातारे, असं सगळं समुद्राच्या तोंडचं काढून आम्ही डोंगरावर नेऊन ठेवलं. दोन म्हाताऱ्यांपैकी एक तुमचे बंधू. घाबरू नका, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. उलट त्या प्रवासात ते पत्त्यांचे दोन डाव जिंकले.

पण हे असं मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हिला ऊन लागलं. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला आठवत असेल, वर्तमानपत्रात छापून आलं होतं की हवा बदलते आहे आणि आशियातली अमुक अमुक प्रेक्षणीय ठिकाणं यापुढे फार दिवस प्रेक्षणीय राहणार नाहीत. कुठे बर्फ वितळतंय, कुठे प्रवाळ मरतंय, कुठे किनारा समुद्रात चाललाय. साधारण माणूस असं वाचून हळहळतो आणि पान उलटतो. तुमचे बंधू घाबरले. ज्या गृहस्थांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत मला जन्मात गावाबाहेरची बागसुद्धा दाखवली नाही, ते चहा तसाच टाकून उठले आणि म्हणाले, ‘अगं, संपत आलंय सगळं!’ (जणू कुठे सेल लागला होता आणि आमच्या मापाचं उरणार नव्हतं.) त्याच आठवड्यात त्यांनी सहलीत नावं घातली. ‘बुडणाऱ्या ठिकाणी आपणहून कोण जातं?’ असं तुम्ही फोनवर विचारलंत. त्याचं उत्तर मी आता देऊ शकते. तिथे एक निवृत्त न्यायाधीश जातात, एक कापडाचे व्यापारी सहकुटुंब जातात, दातांचे एक डॉक्टर जातात, आणखी पाचपंचवीस मंडळी जातात आणि आम्ही जातो. या सगळ्यांना हाकणारा जो तरुण टूर मॅनेजर होता, त्याचं खरं नाव कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. तो बसमध्ये, जेवताना, अगदी देखाव्यासमोरही ‘आटोपा, आटोपा’ म्हणायचा, म्हणून आम्ही त्याला आटोपाच म्हणायला लागलो आणि तोही ओ देऊ लागला.

पहिला मुक्काम बर्फाचा. घाट चढून आम्ही एका कठड्यापाशी पोचलो. कठडा उत्तम होता, बसायला बाकं होती, लांबचं बघायला खांबावर दुर्बीण होती, फक्त बर्फ नव्हतं. खाली नजर पोचेल तिथवर धोंडे. कापडवाले लोकरीची टोपी, लोकरीचे मोजे आणि आतून लोकरीचं आणखी काहीतरी घालून आले होते, ते घामाने निथळत होते. आटोपाने हात लांब करून सांगितलं, ‘बर्फ इथपर्यंत होतं.’ तुमच्या बंधूंनी विचारलं, ‘कधी?’ त्यांना वाटलं, हिमयुगात वगैरे. आटोपा म्हणाला, ‘मी नोकरीला लागलो तेव्हा.’ त्याला अजून नीट मिशा फुटलेल्या नाहीत हो वन्सं! शेवटी कठड्याजवळ बर्फाचं चित्र असलेली एक पाटी होती, तिच्यापुढे उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. तुम्हाला पाठवलेल्या फोटोत मागे जे हिमशिखर दिसतं आणि ज्याचं तुम्ही कौतुक केलंत, तीच ही पाटी.

दुसरा मुक्काम प्रवाळाचा. तळाला काच बसवलेल्या होडीत आम्ही माना खाली घालून बसलो. काचेखाली सगळं पांढरं, हाडांसारखं. न्यायाधीश साहेबांनी नावाड्याला जरा दरडावूनच विचारलं, ‘रंग कुठे आहेत?’ नावाडी म्हणाला, ‘पाणी तापलं, साहेब. मेलं सगळं.’ एवढं बोलून तो वल्हवत राहिला, आणि सबंध फेरीत त्याने स्वतः एकदाही काचेतून खाली पाहिलं नाही.  उतरताना तुमच्या बंधूंनी डोक्यावरची टोपी काढली. मला म्हणाले, ‘आपण समाचाराला आल्यासारखं वाटतं.’ त्यानंतर बसमध्ये कोणी भेंड्या लावल्या नाहीत.

अशा मनःस्थितीत आम्ही तिसऱ्या ठिकाणी, समुद्रकाठच्या त्या खानावळीत उतरलो. आमच्या खोलीवर नऊ आकडा होता, आणि ती पहिलीच खोली होती. मी मालकीणबाईंना विचारलं, ‘आधीच्या आठ कुठे आहेत?’ त्यांनी हातातल्या झाऱ्यानेच समुद्राकडे दाखवलं. बाई माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या, पदर खोचून सतत काहीतरी करत असणाऱ्या. त्यांचे वडील बाबा, वय झालेलं, पूर्वी होड्या बांधायचे. जेवणाचा तो हॉल त्यांनीच उभा केलेला. सबंध लाकडाचा, बुटक्या खांबांवर, एक खिळा न मारता, नुसत्या खाचा आणि खुंट्या यांच्यावर. आत शिरलं की आपण उलट्या होडीत बसून जेवतोय असं वाटायचं. सरकारने त्यांना मागच्या टेकडीवर जागा दिली होती. (डोंगर मी जरा प्रेमाने म्हटलं. पण चढ होता.) फळ्यांच्या खोल्या सुट्या करून तासाभरात वर नेण्यासारख्या होत्या. हॉल मात्र सुटत नव्हता, कारण पाण्याने फुगून लाकडं एकमेकांत अशी बसली होती की काढायला जावं तर चिरत होती. तो उचलायला क्रेन येणार होती.

आम्ही पोचलो त्याच रात्री पलीकडचा पूल खचला. आमची बस अलीकडे अडकली आणि क्रेन पलीकडे. सकाळी रेडिओवर सांगितलं की संध्याकाळच्या भरतीला वारं आहे, किनाऱ्यावरच्यांनी उंचावर जावं. हॉलच्या पुढच्या खांबांना एव्हाना लाटा लागतच होत्या. मी चहा मागायला आत गेले तर मालकीणबाई जमिनीवर बसून चमचे बादलीत भरत होत्या. मोठे चमचे एका बादलीत, लहान दुसऱ्या. म्हणाल्या, ‘भांडी तरी वाचतील. लोक इथे माझ्या हातचं जेवायला येतात असं मला वाटायचं. पण ते या हॉलसाठी येतात. हा गेला की मी कुठेही भात शिजवला तरी काय!’ आणि कोपऱ्यातल्या खिडकीशी बाबा आपल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी जाहीर करून टाकलं होतं की मी उठणार नाही, हॉल जाईल तिथे मी जाईन.

वन्सं, मी जन्मभर शाळेत कवायत शिकवली. आमच्या घरात माझ्या आवाजाबद्दल काय बोललं जातं ते मला माहीत आहे. (सासूबाई म्हणायच्या, हिला दाराची कडी वाजवायची गरज नाही.) त्या सकाळी तो आवाज आपला आपणच वर आला. मी बाबांना विचारलं, ‘तुम्ही एवढ्या होड्या बांधल्यात, त्या पाण्यातून वर कशा ओढायचा?’ ते म्हणाले, ‘खाली ओंडके घालून. माणसं लावून.’ मी म्हटलं, ‘मग हीसुद्धा होडीच समजा.’ म्हाताऱ्याने विचारलं, ‘माणसं आहेत का तुमच्याकडे?’

माणसं म्हणजे काय, वन्सं! बाहेर सहलीची अख्खी मंडळी छत्र्या घेऊन, आता कार्यक्रम काय म्हणून आटोपाला भंडावत उभी होती. माझी शिट्टी पिशवीत होतीच. ती वाजवली आणि सांगितलं, ‘आज प्रेक्षणीय काही नाही. आज काम आहे.’ न्यायाधीश साहेब म्हणाले की हे आमच्या सहलीच्या करारात बसत नाही. मी म्हटलं, ‘साहेब, बर्फ करारात होतं, ते बसलं का?’  त्यांनी कोट काढला, व्यवस्थित घडी करून बाकावर ठेवला आणि बाह्या सरसावल्या. समुद्राने पाडलेली नारळाची झाडं किनाऱ्यावर लोळतच होती, त्यांचे ओंडके केले. बसचा जॅक आणि गावातल्या गाड्यांचे जॅक लावून हॉल इंचाइंचाने उचलला, खाली लांब खोडं सरकवली, त्यांच्याखाली ओंडके घातले. कोळी मंडळींनी दोरखंड आणले. आटोपा एकदा घड्याळ बघायचा, एकदा आभाळ, आणि म्हणायचा, माझी नोकरी जाणार. मी त्याला ओंडक्यांवर नेमलं. मागचा ओंडका मोकळा झाला की उचलून पुढे न्यायचा. त्याची ‘आटोपा, आटोपा’ ही आरोळी त्या दिवशी प्रथमच कोणाला तरी उपयोगी पडली.

तुमच्या बंधूंना मी ढकलू दिलं नाही, त्यांचा हर्निया मला ठाऊक आहे. त्यांना म्हटलं, आत जाऊन बाबांची समजूत घाला आणि त्यांना बाहेर आणा. गेले. बराच वेळ झाला तरी दोघांपैकी कोणी येईना म्हणून डोकावले, तर टेबलावर पत्ते पडलेले. तुमचे बंधू मला म्हणाले, ‘ते उठत नाहीत. आणि त्यांना एकटं कसं सोडायचं?’ म्हणजे समजूत घालायला गेलेल्याचीच समजूत पटली होती. मग दोघांना आत ठेवूनच शिट्टी मारली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा लाकूड नुसतं करकरलं. तिसऱ्यांदा हॉल हलला! वन्सं, एक जेवणघर, खिडक्यांच्या पडद्यांसकट, जागेवरून निघालं आणि चालायला लागलं! दातांचे डॉक्टर ओरडले, ‘हलतोय, हलतोय!’ (त्यांच्या धंद्यात हा शब्द ऐकून कोणी टाळ्या वाजवत नसावं. इथे सगळ्यांनी वाजवल्या, आणि हात सुटल्यामुळे हॉल थांबला. पुन्हा टाळ्या न वाजवण्याची ताकीद द्यावी लागली.)

सपाटीवरून गेलो, पण चढाला माणसं कमी पडली. बस पुढून दोराने ओढत होती, तरी चाकं नुसती फिरत होती. शेजारीच एक मोठं हॉटेल होतं, सिमेंटच्या उंच भिंतीचं. ती भिंत बांधल्यापासून लाटा वळून बाईंच्या अंगणात शिरायला लागल्या असं गावात म्हणत. तिथला टाय घातलेला मॅनेजर सकाळी ट्रॅक्टर मागायला गेलेल्या कोळ्यांना नाही म्हणाला होता. मी तशीच, चिखलाच्या पायांनी, त्याच्या थंडगार दिवाणखान्यात शिरले आणि शिट्टी फुंकली. गुबगुबीत खुर्च्यांमधून पाहुणे ताडकन उभे राहिले. मॅनेजर धावत आला. ‘बाई, इथे शिट्टी वाजवायला मनाई आहे.’

‘पाटी कुठे आहे?’

‘अशी पाटी कोण लावतं?’

‘मग मनाई कशी?’ असं म्हणून मी पाहुण्यांकडे वळले आणि सांगितलं की बाहेर एक घर चढावर अडलंय, ज्यांना दोन हात आहेत त्यांनी या. त्या बिचाऱ्यांचा किनारा केव्हाच वाहून गेला होता, ते सकाळपासून पोहण्याच्या टाकीकडे बघत बसले होते. सगळे आले. कोणी झगे घालून, कोणी सपाता घालून. आणि त्यांना परत बोलवायला मॅनेजर मागोमाग आला.

आणि मग दोर तुटला. चढाच्या मध्यावर, सगळे जोर लावत असताना. हॉल मागे सरकायला लागला. वन्सं, आत तुमचे बंधू होते. माझ्या तोंडातून शिट्टी पडली. मी किंचाळले की नुसतीच उभी राहिले ते मला सांगता येत नाही. ज्याने सकाळी ट्रॅक्टर दिला नव्हता तोच माणूस सर्वांत जवळ होता. त्याने बाजूला पडलेला ओंडका ओढला आणि हॉलच्या खाली आडवा घातला, वरून स्वतःचा खांदा लावला. हॉल थांबला. टायचं टोक ओंडक्याखाली अडकलेलं, तोंड लालभडक, तशा अवस्थेत तो म्हणाला, ‘बघताय काय, ट्रॅक्टर आणा माझा!’ खिडकीतून तुमच्या बंधूंचं डोकं बाहेर आलं. त्यांनी विचारलं, ‘पोचलो का?’ मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. बोलून झाल्यावर रडले, आणि रडून झाल्यावर शिट्टी शोधली.

पुढे ट्रॅक्टर, मागे आम्ही. न्यायाधीश साहेबांच्या शेजारी कोळीण, तिच्या शेजारी झग्यातले पाहुणे, त्यांच्या शेजारी कापडवाले आणि त्यांच्या कुटुंबातले झाडून सगळे. शेवटचं वळण मी स्वतः हुकूम देऊन घेतलं. ऊन कलायच्या आत हॉल टेकडीच्या माथ्यावर उभा! खालचे ओंडके काढून दगड बसवले, दार उघडून पाहिलं, तर ते पूर्वीपेक्षा सोपं उघडत होतं. असा काही जल्लोष झाला की विचारू नका. मी जन्मात कधी नाचले नव्हते, त्या दिवशी मॅनेजरबरोबर नाचले. (तुमच्या बंधूंनी पाहिलं. त्यांची हरकत नव्हती.)  मालकीणबाईंनी चूल पेटवली आणि मिळेल त्या भांड्यात सगळ्यांना चहा दिला. कपात, वाटीत, मापट्यात. माझ्या हातात मात्र त्यांनी स्वतःचा कान तुटलेला कप दिला आणि वरून माझी मूठ दाबली.

संध्याकाळी भरती आली. वरून आम्ही सगळे पाहत होतो. हॉल होता त्या जागेवरून पाणी सरळ आत गेलं, नऊ नंबरच्या खोलीच्या रिकाम्या जोत्यावरून गेलं, मॅनेजरच्या भिंतीवरूनही गेलं. त्याने नुसता टाय सैल केला. तेव्हा बाबा दिवसभरात पहिल्यांदा खुर्चीतून उठले आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, ‘इथून तो बरा दिसतो.’ समुद्राबद्दल. तुमच्या बंधूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वन्सं, जे नाहीसं होणार ते बघायला म्हणून आम्ही निघालो होतो, आणि एक गोष्ट नाहीशी होऊ दिली नाही. बर्फाचं आणि प्रवाळाचं काही करू शकलो नाही, ते मनातून जात नाही. पण हॉल आहे. या, बघा, हात लावून खात्री करा.

पूल दुरुस्त व्हायला अवकाश आहे, तोवर आम्ही इथेच आहोत. घरातल्या सर्वांना आशीर्वाद. तुम्हाला पुन्हा नमस्कार, याही खेपेला वाकूनच.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : काल सरकारी कचेरीतले साहेब आले, त्यांनी नकाशा उलगडला आणि हॉल चुकीच्या जागेवर आहे असं सांगितलं. बाईंची जागा वळणावरून उजवीकडे, आम्ही आहोत डावीकडे. त्याचं असं झालं की मी मंडळींकडे तोंड करून उजवा हात दाखवत उभी होते, म्हणजे माझं उजवं ते त्यांचं डावं. कवायतीत हे मुलांना आपोआप कळतं. ही जागा त्या मॅनेजरने स्वतःच्या नव्या हॉटेलासाठी घेऊन ठेवलेली निघाली. त्याने कपाळाला हात लावला, मग जेवायला बसला. म्हणतो, सावकाश हलवा, तोवर मी इथेच जेवतो.

आणखी एक : आटोपाची नोकरी गेली नाही. उलट त्याच्या कंपनीने पुढच्या सहलीत ‘हॉल ढकलणे (एक दिवस)’ असं छापलं आणि बस भरली. न्यायाधीश साहेब पुन्हा येणार आहेत.

शेवटचं, आणि खरं तर यासाठीच लिहायला बसले : तुमच्या नातीने फोनवर सांगितलं की यंदा नदीचं पाणी तुमच्या स्वयंपाकघरात आलं होतं, आणि ‘मामाआजोबांना कळवू नकोस’ असं तुम्ही तिला बजावलंत. तुमच्या बंधूंना मी अजून सांगितलेलं नाही, नाहीतर ते पोहत येतील. वन्सं, आमच्या घरची वरची खोली रिकामी आहे, पूर्वेची खिडकी आहे, जिना बुटका आहे. सामान बांधा आणि राहायला या. तुम्ही ‘मी या घरातून उठणार नाही’ म्हणाल, ते मला माहीत आहे. नका उठू. तुम्ही खुशाल बसून राहा. फक्त नकार आला तर उलट टपाली कळवा, म्हणजे मंडळी इथून परस्पर तुमच्याकडेच आणते. ट्रॅक्टर द्यायला मॅनेजर तयार आहे.